माझी मेहुणी आणि पाठांतर करणारा रिसीव्हर

आमच्या कंपनीत माझ्या मेहुणीला फारसे कोणी नावाने ओळखत नाही. तोंडावर तिला ‘मॅडम’ म्हणतात आणि पाठ वळली की ‘उलटतपासणी’. तिला हे ठाऊक आहे. एकदा कँटीनमध्ये मागून कोणी तरी म्हणाले, “उलटतपासणी आली रे, ताटं झाका.” ती वळली आणि शांतपणे म्हणाली, “झाकू नका. काय आहे ते सांगा, खरं की खोटं ते मी बघते.” त्यानंतर ते टेबल बराच वेळ खाली मान घालून जेवत होते.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. हिशेब, भांडार आणि ग्राहकांशी होणारे करार एवढ्यात माझे नोकरीचे आयुष्य गेले, आणि आता निवृत्ती तोंडावर आली आहे. ती इंजिनिअर, माझ्या बायकोची धाकटी बहीण. माझ्या वशिल्याने ती लागली असे सुरुवातीला काही जण म्हणत. पण तिच्या मुलाखतीच्या दिवशी मी रजेवर होतो, आणि माझ्या वशिल्याने या कंपनीत बंद पडलेला पंखासुद्धा कधी लवकर दुरुस्त झालेला नाही.

तिचा स्वभाव पहिल्यापासूनच असा, असे माझी बायको सांगते. लहानपणी गॅसवर दूध ठेवले की ही समोर उभी राहायची. उतू जाऊ नये म्हणून नव्हे, नेमके कधी उतू जाते ते बघायला. आईने दोनदा चोपले, तिसऱ्यांदा हात टेकले. कॉलेजात ती विजेच्या शाखेला गेली. वर्गात मुली मोजक्याच होत्या आणि प्रयोगशाळेत मुलांनी मोजलेली मापे उतरवून घ्यायची पद्धत होती. ही मात्र प्रत्येक माप स्वतः घ्यायची, आणि ते मुलांच्या मापाशी जुळले तर आधी यंत्र बिघडले आहे का ते बघायची. “जुळलं म्हणजे बरोबर असं नाही,” हे तिचे तेव्हापासूनचे वाक्य. हिशेबाच्या कामात असल्यामुळे मला ते पटते. माझ्या हाताखालच्यांना कधी पटले नाही.

आमची कंपनी लहान. टेलिफोन आणि इंटरनेटचा सगळा पसारा ज्या काचेच्या धाग्यांतून चालतो, त्या फायबरच्या टोकाला लागणारी उपकरणे आम्ही बनवतो. धाग्यातून उजेड येतो. त्या उजेडात काय लिहिले आहे हे वाचणारा रिसीव्हर हा माझ्या मेहुणीचा विभाग. हाताखाली चार माणसे, तळमजल्यावर एक लांबट लॅब, आणि भिंतीला लागून मांडणीवर फायबरची गुंडाळलेली रिळे. शहरे जोडणारा लांबच लांब धागा त्या रिळांत गुपचूप बसलेला असतो. दरवर्षी भांडाराची पडताळणी करताना ती रिळे मीच मोजतो.

तिचे काम मला एकदाच नीट समजले, तेही घरी, जेवणाच्या टेबलावर.

“भावोजी, उजेड इकडून निघतो तेव्हा इस्त्रीच्या कपड्यांत निघतो,” ती म्हणाली. “वाटेत पसरतो, फिरतो, दुसऱ्या उजेडात मिसळतो. पलीकडे उतरतो तो दिवसभर धक्के खात आलेल्या माणसासारखा. केस विस्कटलेले, बोलणं अर्धवट. त्याला काय म्हणायचं होतं ते मला ओळखायचं असतं.”

“आणि ते कसं ओळखतेस?”

“आधी वाट ओळखायची. पाठवणारा मधूनमधून ठरलेले शब्द पाठवतो. आम्ही त्यांना पायलट म्हणतो. काय यायला हवं होतं ते मला माहीत असतं, काय आलं ते समोर दिसतं. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेनं केलेली खोडी. ती खोडी एकदा कळली की न ठरलेल्या शब्दांवरची खोडीही पुसता येते.”

“आणि वाटच बदलली तर?”

“बदलतेच ना. रस्त्यावरून ट्रक गेला, ऊन तापलं, कोणी केबलला धक्का दिला, की बदलते. म्हणून सारखं विचारत राहायचं.”

“म्हणजे स्वतःचा स्वभावच यंत्रात भरलास,” माझी बायको म्हणाली. “आता ते बिचारं यंत्रही कोणाला सुखानं जेवू देणार नाही.”

त्यावर तिचा नवरा, म्हणजे माझा साडू, मनापासून हसला. साडू दातांच्या कवळ्या बनवतो. दंतवैद्य ठसे पाठवतात आणि हा त्याच्या खोलीत बसून दात घडवतो. घरात कमी बोलतो. त्याचे म्हणणे, दुसऱ्यांच्या तोंडाचे काम दिवसभर केल्यावर आपले तोंड चालवायचा कंटाळा येतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

एका मोठ्या टेलिफोन कंपनीला आपल्या तीन मार्गांवर नवे रिसीव्हर बसवायचे होते. दोन मार्ग जवळचे, एक लांबचा, डोंगर ओलांडून जाणारा. त्या लांबच्या मार्गावर मध्ये कुठेही सिग्नल ताजा करायला स्थानक नाही, त्यामुळे सगळी भिस्त टोकाच्या रिसीव्हरवर. आमच्यासकट तीन कंपन्या रांगेत होत्या. आमच्या साहेबांनी माझ्या मेहुणीला बोलावून माझ्यादेखत स्पष्ट सांगितले, “बाई, हे काम मिळालं तर तुमचा विभाग राहील. नाही मिळालं तर मी तयार रिसीव्हर बाहेरून आणीन आणि वर आपली पट्टी चिकटवीन. तुम्हाला तक्रार विभागात खुर्ची आहे. बाकी चौघांचं मला सांगता येत नाही.”

साहेब वाईट माणूस नव्हे. कुठलेही संकट आले की ‘होऊन जाईल’ म्हणतात आणि बहुतेक वेळा होऊनही जाते, कारण दुसरे कोणी तरी ते करून टाकते. पण त्या दिवशी ते ‘होऊन जाईल’ म्हणाले नाहीत.

मेहुणीच्या चौघांत एक नवा डॉक्टर होता. औषधाचा नव्हे, संशोधनाचा. तिशीतला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे लपवायचे कष्ट न घेणारा. त्याने रिसीव्हरमध्ये एक शिकणारा भाग बसवला होता. ठरलेल्या शब्दांवरून वाटेचा अंदाज घ्यायचे मेहुणीचे काम पुरे झाले, की उरलेली विस्कट हा भाग आपल्या अनुभवाने सावरायचा. हजारो उदाहरणे दाखवायची, तो शिकत जायचा. त्याचे निकाल आले तेव्हा लॅबमध्ये टाळ्या वाजल्या. डोंगरापलीकडच्या मार्गाएवढी रिळे जोडली तरी रिसीव्हर चुकत नव्हता. साहेब खाली येऊन डॉक्टरची पाठ थोपटून गेले. माझ्या मेहुणीनेही त्याला शाबासकी दिली. मी तिथे होतो, म्हणून खात्रीने सांगतो की ती मनापासून दिलेली होती.

पण तिची एक रीत आहे. कुठलाही चांगला निकाल हाती आला की तो ती बिघडवून बघते. मुद्दाम गोंगाट मिसळते, उजेड मंद करते, धागा हलवते. निकाल हळूहळू बिघडत गेला की तिला समाधान वाटते. बाकीचे विभाग निकाल आला की चहा पितात. हिच्या विभागात निकाल आला की त्याचे हाल सुरू होतात.

ग्राहकाच्या चाचणीला काही आठवडे उरले असताना, एके दिवशी सकाळी मी रिळांच्या पडताळणीसाठी लॅबमध्ये गेलो. ती आणि डॉक्टर पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके असतात. सिग्नल चांगला असला की ते वेगवेगळे दिसतात, बिघडला की एकमेकांत मिसळतात. ती गोंगाट वाढवत चालली होती आणि ठिपक्यांचा पार लगदा झाला होता. शेजारी चुका मोजणारा आकडा मात्र जागचा हलत नव्हता.

“मॅडम, काय दणकट निघालाय बघा!” डॉक्टर म्हणाला.

तिने गोंगाट अजून वाढवला. आकडा तसाच.

“इतका दणकट कोणी नसतो,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“इतक्या गोंगाटात किती ऐकू येऊ शकतं याला गणिताची वेस आहे. आपला रिसीव्हर ती वेस ओलांडून पलीकडे फिरतोय. डॉक्टर, तू आणि मी मिळून निसर्गाचा नियम मोडला असेल तर गोष्ट वेगळी. पण मला वाटतं, आपण काही तरी मूर्खपणा केलाय.”

डॉक्टरचा चेहरा पडला. “मी सगळं तीनदा तपासलंय.”

“कशावर?”

“चाचणीच्या नमुन्यावरच. जो आपण नेहमी वापरतो.”

मी रिळे मोजता मोजता थांबलो. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

“भावोजी, तुमच्याकडे काय आहे?”

“माझ्याकडे? पडताळणीचा तक्ता आहे.”

“नाही हो. कॉम्प्युटरवर घालण्यासारखं. काहीही. आमच्या लॅबमधलं नसलेलं.”

मी कंपनीच्या कल्याण समितीचा चिटणीस असल्यामुळे माझ्या खिशात वार्षिक क्रीडादिनाच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह होता. तो सूचना फलकासाठी छापायला द्यायचा होता. तिने तो घेतला, पहिलाच फोटो निवडला आणि नमुन्याऐवजी तो फायबरमधून पाठवला. रस्सीखेचीचा फोटो होता. सगळ्यांत पुढे आमचे साहेब, दात ओठ खाऊन दोर ओढताना.

पलीकडून आलेल्या फोटोत साहेबांचे कपाळ होते. कपाळाखाली हिरवे-जांभळे पट्टे होते, आणि पट्ट्यांच्या खाली कोणाचे तरी बूट.

मी हसू दाबले. डॉक्टरने दाबले नाही, कारण त्याला ते आलेच नव्हते.

“आता तुझा भाग बंद कर आणि पुन्हा पाठव,” ती म्हणाली. “गोंगाटही काढ.”

त्याने तसे केले. या वेळी साहेब अख्खे आले. कोपऱ्यात थोडी चुरचुर होती, पण दोर, दात, ओठ सगळे जागच्या जागी. गोंगाट नसताना शिकणारा भाग पुन्हा चालू केला, तर साहेबांच्या पोटावर पट्टे उमटले.

“याला वाट कळलेलीच नाही,” ती म्हणाली. “याला प्रश्नपत्रिका कळली.”

मग तिने मला समजावून सांगितले, आणि सांगताना बहुधा डॉक्टरलाही धीर देत होती. चाचणीसाठी यंत्र जो नमुना पाठवते तो दिसायला अगदी वेडावाकडा असतो, पण तो एका छोट्या नियमाने तयार होतो. मागच्या काही आकड्यांवरून पुढचा आकडा ठरतो. शिकणाऱ्या भागाने धागा काय करतो ते शिकण्याऐवजी तो नियमच हुडकून काढला. त्यामुळे मागचे थोडे ऐकू आले की पुढचे तो पाठ म्हणत होता. फोटो काही त्या नियमाने चालत नाही. तिथे त्याची पोपटपंची उघडी पडली, आणि नीट आलेले शब्दही त्याने आपल्या पाठांतराप्रमाणे बदलून टाकले.

“पण मॅडम, शिकवताना आणि तपासताना मी नमुना वेगवेगळ्या जागेपासून सुरू केला होता,” डॉक्टर म्हणाला.

“सुरुवात बदललीस. नियम तोच राहिला ना.”

तो आकडा बंद करत म्हणाला, “माझीच चूक.”

“तुझ्या एकट्याची नाही. तो नमुना या लॅबमध्ये मी आणला. मापं घ्यायला सोयीचा म्हणून इतकी वर्षं वापरतेय. जुन्या रिसीव्हरला पाठ करता येत नव्हतं, तेव्हा चालून गेलं. तू शहाणा विद्यार्थी आणलास आणि मी त्याला जुनीच प्रश्नपत्रिका दिली.” मग ती उठली. “चल, चहा पिऊ. आज निकाल बिघडलाय, आज आपला हक्क आहे.”

आता खरी अडचण अशी होती की ग्राहकाच्या चाचणीचे यंत्रही हाच नमुना वापरणार होते. सगळीकडे तोच चालतो. म्हणजे आमचा रिसीव्हर त्या चाचणीत तिन्ही मार्गांवर बिनचूक पास झाला असता, आणि कोणाला काही कळलेही नसते. चाचणी पास झाली की विभाग राहिला असता. रिसीव्हर तयार आहे असे लिहून देणाऱ्या कागदावर सही मात्र तिची लागणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साहेबांना सगळे सांगितले. कराराच्या मसुद्यातली कलमे बघायला मी शेजारी बसलो होतो. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतले.

“बाई, परीक्षेत येणारे प्रश्न पाठ केले, एवढंच ना? आपण सगळे असेच पास झालो.”

“तुम्ही झाला असाल, साहेब.”

“बरं, मी झालो. काय बिघडलं माझं?”

मी करारात डोके घातले.

“हे बघा,” साहेब सावरून म्हणाले, “आधी चाचणी पास होऊ. काम पदरात पडलं की तो भाग सुधारू, नवा प्रोग्राम पाठवू. सगळ्याच कंपन्या असं करतात. होऊन जाईल.”

“मधल्या काळात डोंगरापलीकडच्या लोकांनी काय करायचं? पट्टे बघायचे?”

“आणि तुमच्या चौघांनी काय करायचं? त्याचा विचार केलात?”

“केला. म्हणूनच सांगायला आले. त्यांना काढायची वेळ आली तर ते ‘आमचं काम अपुरं पडलं’ म्हणत बाहेर पडतील. ‘आम्ही पकडले गेलो’ म्हणत नाही.”

“तुम्हाला नक्की काय हवंय?”

“सही मी करते. पण पाठांतर काढून टाकलेल्या रिसीव्हरवर. आणि चाचणी नमुन्यावर नको. त्यांची खरी वाहतूक सोडू देत, लोकांचे फोन, फोटो, सगळं.”

“ग्राहकानं मागितलेलं नाही ते!”

“मी मागते.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “लांबच्या मार्गावर नापास व्हाल.”

“होऊही. जवळच्या दोन्ही मार्गांवर होणार नाही, हे मी आज लिहून देते.”

“मग तिथं तुम्हीच बोला. मी फक्त बसणार.”

“बसा की. खुर्च्या चांगल्या असतात त्यांच्या,” ती म्हणाली आणि उठली.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, “अगं, साहेबांशी असं बोलतात का?”

“मग कसं बोलतात, भावोजी? तुम्ही बोलता तसं? तुम्ही तर कलम वाचण्यापलीकडे तोंडच उघडलं नाहीत.”

मी कराराचे कागद काखेत मारले आणि भांडाराकडे वळलो.

त्या रविवारी दोघे आमच्याकडे जेवायला आले. माझ्या बायकोला सगळे कळलेच होते. वाढता वाढता तिने तोंड सोडले.

“तुला काय गरज होती गं? मशीन पास होत होतं तर होऊ द्यायचं. कुठल्या तरी डोंगरापलीकडच्या लोकांची तुला काळजी, आणि इथं स्वतःच्या खुर्चीखाली जाळ लावलास!”

“ताई, खुर्ची तशीही गेलीच असती. सहा महिन्यांनी, बोंबाबोंब होऊन. आता गेली तर निदान शांतपणे जाईल.”

“ऐका! म्हणे शांतपणे. अहो, तुम्ही तरी बोला काही.” हे साडूला उद्देशून होते.

साडूने घास संपवला. “साच्यावर चपखल बसणारी कवळी तोंडात बसतेच असं नाही,” तो म्हणाला. “आमच्याकडे काही जण साच्यावर बसवून बिल लावतात. मग म्हातारी माणसं ती डबीत ठेवतात आणि नुसती हिरड्यांनी जेवतात. त्यांना वाटतं, दोष आपल्याच तोंडाचा.”

“बघ ताई, हे घरात वर्षातून एकदा बोलतात,” मेहुणी म्हणाली. “आजचं झालं. आता पुढच्या वर्षी.”

माझी बायकोही हसली, पण आत जाताना म्हणालीच, “तक्रार विभागात गेलीस ना, तर पहिली तक्रार माझी लिहून घे.”

पुढचे आठवडे लॅबमध्ये भरगच्च कामाचे गेले. डॉक्टर दोन दिवस रुसल्यासारखा होता. तिने त्याला समजूत घालत बसण्याऐवजी काम दिले.

“तुझा भाग मी फेकून देत नाहीये. त्याला पाठच करता येणार नाही असं काही तरी शिकव.”

डॉक्टरने मग उजेडाच्या गोंगाटातूनच शिकवायचे आकडे उचलायची युक्ती काढली. त्या गोंगाटाला कुठलाच नियम नसतो, त्यामुळे शिकणाऱ्याला धाग्याकडे बघण्यावाचून गत्यंतर उरले नाही. या खेपेला तो खरे शिकला. फायदा पूर्वी दिसत होता त्याच्या पावपट राहिला. पण पावपट का होईना, तो फोटोवरही दिसत होता. डॉक्टर त्या पावपटावर पूर्वीपेक्षा जास्त खूश होता. स्वतःचे मूल पहिल्यांदा न सांगता काही तरी बोलले की बापाचे होते तसे त्याचे झाले होते.

मेहुणीने स्वतःच्या जुन्या कामात हात घातला. ठरलेले शब्द किती वेळाने पाठवायचे, हा तिचा विषय. फार पाठवले तर खऱ्या बोलण्याला जागा उरत नाही. कमी पाठवले तर मधल्या मधे वाट बदलते आणि रिसीव्हर शिळ्या अंदाजावर चालतो. एकाच शब्दावर विसंबायचे तर गोंगाट फसवतो, म्हणून आधीच्या अनेकांची सरासरी घ्यावी लागते. पण सरासरी फार लांबवर घेतली तर जुन्या वाटेची आठवण नव्या वाटेत कालवली जाते. तिने सरासरीची लांबी एकच न ठेवता वाटेच्या चालीवर सोडली. धागा निवांत असेल तर लांबवर बघायचे, हलू लागला की फक्त ताज्या शब्दांवर भरवसा ठेवायचा. सांगायला दोन वाक्ये, पण त्यासाठी तिची चारही माणसे कामाला जुंपलेली होती. रिळांना गदागदा हलवण्यासाठी त्यांनी भांडारातून एक मोडका, थडथडणारा टेबलपंखा मागून नेला. तो परत करताना पुरता निकामी झाला होता आणि मी तो तसाच जमा करून घेतला.

चाचणीच्या दिवशी साहेब, मेहुणी, डॉक्टर आणि करारासाठी मी असे चौघे ग्राहकाच्या केंद्रात गेलो. लांब दालन, थंडगार हवा, कपाटांच्या रांगा. परीक्षक एक बाई होत्या. कमी बोलणाऱ्या, करड्या केसांच्या. त्यांनी चाचणीचे यंत्र जोडायला सांगितले.

“थांबा,” मेहुणी म्हणाली. “त्या नमुन्यावर चाचणी घेऊ नका.”

परीक्षकबाईंनी भुवया उंचावल्या. साहेबांनी छताकडे बघितले.

तिने पाच-सहा वाक्यांत सगळे सांगितले. आमचा रिसीव्हर त्या नमुन्यावर कसा फसवा पास झाला होता, ते कसे कळले, काय काढून टाकले. साहेबांच्या पोटावरचे पट्टे तिने वगळले, हा तिचा चांगुलपणा.

“तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं,” परीक्षकबाई म्हणाल्या.

“हो.”

“मग सांगितलंत कशाला?”

“लाइन पडली की तुम्ही मलाच फोन करणार. तेव्हा सांगण्यापेक्षा आत्ता सांगितलेलं बरं.”

परीक्षकबाईंनी आपल्या माणसाला खूण केली, यंत्र बाजूला काढायला लावले आणि तिन्ही मार्गांवर खरी वाहतूक जोडून घेतली. मूळ वाहतूक जुन्या उपकरणांवर चालूच होती. तिचीच एक प्रत आमच्याकडे वळवली होती, त्यामुळे कोणाचा फोन तुटायची भीती नव्हती.

जवळचा पहिला मार्ग शांतपणे चालला. दुसराही चालला. त्याचा काही भाग पुलाखालून जातो आणि पुलावरून गाड्या गेल्या की धागा थरथरतो. याआधी तिथे रांगेतल्या दुसऱ्या दोन्ही कंपन्यांची उपकरणे अडखळली होती, असे परीक्षकबाईंच्या माणसाने आम्हाला हळूच सांगितले. आमचे अडखळले नाही. डॉक्टरने माझ्या दंडाला इतका जोरात चिमटा काढला की मी दचकलो.

तिसरा, डोंगरापलीकडचा मार्ग सकाळभर टिकला. साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले होते. दुपारनंतर तिकडे वारा सुटला असावा. ठिपके थरथरले, सावरले, पुन्हा थरथरले आणि चुकांचा आकडा वर चढू लागला. करारात ठरलेली मर्यादा त्याने ओलांडली, थोडी खाली उतरला, पुन्हा ओलांडली. डॉक्टरने डोळे मिटून घेतले. मेहुणी मात्र डोळे ताणून बघत होती.

परीक्षकबाईंनी चाचणी थांबवली. “लांबच्या मार्गाला नाही म्हणावं लागेल.”

“बरोबर आहे,” मेहुणी म्हणाली.

साहेब खुर्चीतून उठले. “आणि बाकीचे?”

“बाकीचे दोन्ही तुम्हाला. लांबच्या मार्गासाठी दुसऱ्या दोन कंपन्या उद्या-परवा येणार आहेत. त्यांनाही आता हीच चाचणी.” मग त्या मेहुणीकडे वळल्या. “ती कशी घ्यायची ते आमच्या माणसाला नीट लिहून द्याल?”

“देईन. पण बदल्यात मला एक हवंय. आत्ता जिथे आमचं बिघडलं तेवढा सिग्नल रेकॉर्ड झाला असेल. तो द्या.”

“नापास झालेला भाग?”

“तोच. पास झालेला मला काय करायचाय?”

परीक्षकबाई पहिल्यांदाच हसल्या.

बाहेर गाडीपाशी साहेब थांबले. दोन मार्गांचे काम विभाग चालवायला पुरेसे होते, हे मला माहीत होते आणि त्यांनाही. पण ते तोंडाने सांगायला त्यांना जरा वेळ लागला.

“बाई, विभाग राहतोय. तुमचे चौघंही राहतील. पण तिसरा मार्ग तुमच्यामुळे गेला, हे मी वर कळवणार आहे.”

“कळवा ना. आणि जवळचे दोन कोणामुळे आले तेही कळवा. एकाच पत्रात मावेल.”

“तुमच्यापुढे बोलायची सोय नाही,” असे म्हणत साहेब पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत ते घोरू लागले होते.

मागे आम्ही तिघे दाटीवाटीने बसलो. मेहुणीने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि तो नापास झालेला सिग्नल लावला. डॉक्टर तिच्या खांद्यावरून डोकावत होता.

“हे बघा, भावोजी,” तिने पडद्यावर बोट ठेवले. “वारा इथे सुटला. वाट इथे बदलली. आणि आपण ओळखलं ते इथे, जरा उशिरा.”

“हा जरासा उशीर काढता येईल?” मी विचारले.

“काढायचाच आहे. त्या दोन कंपन्यांना चाचणी जमली नाही तर परीक्षकबाई आपल्याला परत बोलावतील. डॉक्टर, उद्या सकाळी लवकर ये.”

“मॅडम, उद्या सुट्टी आहे.”

“मग परवा ये. पण आज रात्री नीट झोप, उगाच विचार करत बसू नकोस. विचार मी करते, मला सवय आहे.”

मला पडद्यावर ठिपकेच दिसत होते. पण त्या दोघांचे बोलणे त्या एवढ्याशा उशिरावर सुरू झाले, आणि कंपनीचे फाटक येईपर्यंत ते थांबले नाही.